परतीच्या वाटेचा हिशेब

नागपुरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल केलेल्या माणसाला दोन हेक्स कोड जन्मभर लक्षात राहतात: सीडी आणि सी९. ८०८५ च्या किटवर सीडी म्हणजे कॉल, सी९ म्हणजे रिटर्न. कॉल दिला की परत कुठे यायचं तो पत्ता प्रोसेसर स्टॅकवर टाकतो आणि सबरूटीनकडे उडी मारतो. सी९ आला की तोच पत्ता उचलून माघारी येतो. सुरुवातीला स्टॅक पॉइंटर लावायचा राहिला तर पत्ता भलत्याच जागी पडतो आणि प्रोग्रॅम रानोमाळ भटकतो. व्हायव्हाला एक्स्टर्नल हमखास विचारतात, "स्टॅक कशाला लागतो?" पोरगं पाठ केलेलं उत्तर देतं आणि सुटतं.

खरी गंमत त्यापुढे आहे. प्रोसेसरला फक्त एका पत्त्यावर परतायचं ठाऊक असतं, तेही वेळ आली की. त्याला मध्येच थांबवून कुणी विचारलं की बाबा, तू इथवर आलास कसा, कुणी कुणाला बोलावलं होतं, तर त्याच्याकडे उत्तर नसतं. उत्तर स्टॅकवर पडलेलं असतं खरं, पण आकड्यांच्या ढिगात. त्या ढिगात कुठला आकडा परतीचा पत्ता, कुठला कुणाचा तरी साठवलेला रजिस्टर आणि कुठला नुसताच लूपमधला मोजणीचा अंक, हे आकड्यांकडे पाहून कळत नाही. आजच्या ६४ बिटी मशिनवर सगळे सारखेच आठ बाइट.

आणि हे उत्तर तर रोज लागतं. मिहानमध्ये किंवा गायत्रीनगरच्या आयटी पार्कात नोकरी करणाऱ्याला विचारा. रात्री सर्व्हर कोसळला तर सकाळी सगळ्यात आधी उघडतात तो बॅकट्रेस: कुणी कुणाला कॉल केला त्या फंक्शनांच्या नावांची उतरंड. सी प्लस प्लसमध्ये एक्सेप्शन फेकलं की ते पकडणारा कॉलर शोधत हीच उतरंड चढावी लागते. प्रोग्रॅम कुठे वेळ खातो हे सांगणारा प्रोफायलर तर सेकंदाला शेकडो वेळा चालता प्रोग्रॅम अडवून हाच प्रश्न विचारतो. यादी पडद्यावर येते आणि आपण ती खरी धरून चालतो. ती तयार कशी होते, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. यादी खोटी निघेपर्यंत तरी नाहीच.

सगळ्यात जुना आणि सरळ उपाय म्हणजे फ्रेम पॉइंटर. १९७८ च्या ८०८६ मध्ये बीपी नावाचा रजिस्टर त्यासाठीच ठेवला होता. आजच्या ६४ बिटी प्रोसेसरात त्याचंच नाव आरबीपी. रीत अशी: फंक्शनमध्ये शिरल्या शिरल्या कॉलरचा आरबीपी स्टॅकवर ठेवायचा आणि स्टॅक पॉइंटर, म्हणजे आरएसपी, त्या क्षणी जिथे आहे ती जागा आरबीपीत घालायची. मग आरबीपी ज्या जागेकडे बोट दाखवतो तिथे कॉलरचा आरबीपी सापडतो आणि लगेच वरच्या आठ बाइटांत परतीचा पत्ता. कॉलरच्या आरबीपीपाशी जा, तिथे त्याच्या कॉलरचा. असं कडी कडी पकडत थेट मेनपर्यंत पोचता येतं. कुठलाही तक्ता नको, कसलं गणित नको.

मग ही रीत सुटली का? रजिस्टर पुरत नव्हते म्हणून. ३२ बिटी एक्स८६ मध्ये सर्वसाधारण रजिस्टर आठच. त्यातला एक स्टॅक पॉइंटरकडे गेला, दुसरा फ्रेम पॉइंटरला दिला की हिशेबाला उरले सहा. कंपायलर लिहिणाऱ्यांना तो सातवा हवाच होता. ६४ बिटीत रजिस्टर सोळा झाले, तरी तिथल्या करारनाम्यात, म्हणजे एबीआयमध्ये, फ्रेम पॉइंटर ऐच्छिकच ठेवला गेला. २०११ मध्ये आलेल्या जीसीसी या कंपायलरच्या ४.६ आवृत्तीने तर ३२ बिटी लिनक्ससाठीही ऑप्टिमाइझ करताना तो गाळणं हाच नेम केला. साखळी तुटली. आता परतीची वाट सांगायला दुसरं कुणीतरी हवं होतं.

ते काम ड्वॉर्फच्या तक्त्यांकडे आलं. ड्वॉर्फ हा डीबगरसाठी माहिती लिहून ठेवण्याचा आराखडा. तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्जमध्ये युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह आवृत्तीसाठी सुरू झाला. ड्वॉर्फची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये आली. फाइलच्या साच्याचं नाव एल्फ होतं, म्हणून याला ड्वॉर्फ म्हणायचं, असा परीकथेतला विनोद त्यामागे आहे. त्यातला आपल्या कामाचा भाग म्हणजे कॉल फ्रेम इन्फर्मेशन, सगळे ज्याला सीएफआय म्हणतात.

सीएफआयचा गाभा एका कल्पनेत आहे आणि ती नागपूरकराला लवकर पटावी. विधान भवनाजवळ झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब उभा आहे, शेजारी चार घोडे. १९०७ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी तो उभारला गेला. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल अशी अंतरं त्यावर कोरली आहेत आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही, १०२०.१७१ फूट. हा खांब देशाच्या मधोमध आहे की नाही यावर लोक अजून वाद घालतात, आणि तो वाद मला निरर्थक वाटतो. मोजणीसाठी खुणेचा दगड मधोमध असावा लागत नाही, तो हलता कामा नये एवढंच. फंक्शनच्या फ्रेममध्येही असा एक न हलणारा दगड रोवतात. त्याचं नाव सीएफए, कॅनॉनिकल फ्रेम अॅड्रेस. कॉलरने कॉल देण्याच्या आधी आरएसपी जिथे होता, ती ही जागा. फंक्शन चालू असताना आरएसपी सतत खालीवर होतो, पण सीएफए पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहतो. बाकी सगळी अंतरं तिथूनच मोजायची: परतीचा पत्ता सीएफएच्या ८ बाइट खाली, जुना आरबीपी १६ बाइट खाली, वगैरे. तक्त्याला प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या जागी एकच गोष्ट पक्की सांगावी लागते, की या घटकेला सीएफए शोधायचा कसा.

सी किंवा रस्ट लिहिणाऱ्याला याची झळ लागत नाही, कंपायलर तक्ता आपसूक करून देतो. असेंब्ली हाताने लिहिणाऱ्याला मात्र तो स्वतः लिहावा लागतो, ओळीमागे ओळ. असेंब्लीच्या फाइलीत टिंबाने सुरू होणाऱ्या 'सीएफआय' नावाच्या ज्या सूचना दिसतात त्या याच. त्यांच्यातून एकही मशीन इन्स्ट्रक्शन तयार होत नाही. प्रोग्रॅम त्यांच्यावाचून तितक्याच वेगाने आणि तितकाच बरोबर चालतो, आणि म्हणूनच त्या लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो.

एक लहान फंक्शन घेऊन जवळून पाहू. आत पाऊल टाकलं तेव्हा कॉलने आठ बाइटांचा पत्ता स्टॅकवर टाकलेला आहे. स्टॅक खालच्या दिशेने वाढतो, म्हणून या क्षणी सीएफए म्हणजे आरएसपी अधिक ८. ही आरंभाची स्थिती 'स्टार्टप्रॉक' या सूचनेबरोबर आपोआप मिळते. पहिली इन्स्ट्रक्शन: आरबीपी पुश. आरएसपी आठ बाइट खाली गेला, दगड तिथेच आहे, म्हणजे अंतर वाढलं. लगेच खाली लिहायचं, 'डेफ सीएफए ऑफसेट १६'. शिवाय कॉलरचा आरबीपी आता कुठे ठेवलाय तेही सांगायचं: 'ऑफसेट आरबीपी, उणे १६'. दुसरी इन्स्ट्रक्शन: आरएसपीची किंमत आरबीपीत. इथे सूचना, 'डेफ सीएफए रजिस्टर आरबीपी'. यापुढे दगड आरएसपीपासून मोजू नका, आरबीपीपासून मोजा. हे झालं की मोकळे. लोकल व्हेरिएबलांसाठी आरएसपी आणखी ६४ बाइट खाली नेला तरी टिपण लागत नाही, कारण आरबीपी हलत नाही. शेवटी लीव्ह ही इन्स्ट्रक्शन सगळं पूर्ववत करते, आरबीपी पुन्हा कॉलरचा होतो. तिच्याखाली सूचना हवी, 'डेफ सीएफए आरएसपी, ८'. मग रिटर्न.

या शेवटच्या सूचनेकडे नीट पाहा, कारण विसरली जाते ती हीच. समजा ती राहिली आणि प्रोफायलरने नेमकं रिटर्नच्या उंबऱ्यावर प्रोग्रॅम अडवला. तक्ता अजून सांगतोय की सीएफए म्हणजे आरबीपी अधिक १६. पण आरबीपी आता कॉलरचा आहे, तेव्हा कॉलरही फ्रेम पॉइंटर ठेवत असेल तर हिशेबातून दगडही कॉलरचाच मिळतो, त्याच्या ८ बाइट खालचा पत्ताही कॉलरच्या परतीचा. परिणाम असा, की ज्याने आपल्याला बोलावलं त्याचं नाव यादीतून गळतं आणि त्याच्याही आधीच्याने आपल्याला थेट बोलावलं असं दिसतं. कुठे कचरा नाही, कुठे प्रश्नचिन्ह नाही, यादी अगदी सुबक. कोसळणारी चूक यापेक्षा बरी, ती निदान बोंबलते. ही चूक प्रोफाइलच्या हजारो नमुन्यांत मिसळून जाते आणि एखादा इंजिनिअर भलतंच फंक्शन वेगवान करण्यात आठवडा घालवतो.

दुसरी खोड जरा खोल आहे. असेंबलर फाइल वरून खाली वाचतो. प्रोसेसर मात्र उड्या मारत चालतो. टिपणं असेंबलरच्या क्रमाने लागू होतात, प्रोसेसरच्या नाही. फंक्शनच्या मध्यावर घाईचा निकास असला, म्हणजे पॉप, पॉप, रिटर्न, आणि त्याच्या खाली नेहमीचा रस्ता पुढे चालू राहत असला, तर त्या पॉपसाठी केलेली टिपणं खालच्या ओळींनाही चिकटतात. तिथे तर काहीच पॉप झालेलं नसतं. म्हणून निकासाआधी 'रिमेंबर स्टेट' आणि नंतर 'रिस्टोअर स्टेट' अशी जोडी घालावी लागते. ज्याला ही जोडी कशासाठी आहे ते नीट समजलं त्याला सीएफआय समजलं, असं मी खुशाल म्हणेन. बाकीचं बेरीज-वजाबाकी आहे.

इतकं करून असेंबलर यातलं काहीही तपासत नाही. तुम्ही १६ म्हणालात, त्याने १६ लिहून घेतलं. २४ म्हणाला असतात तर २४. तो तक्ता आकसवून 'ईएच फ्रेम' या भागात भरतो. तिथे प्रत्येक ओळ सुटी साठवलेली नसते. 'इतके बाइट पुढे सरका, आता ऑफसेट इतका' अशा चिमुकल्या आज्ञांचा प्रोग्रॅमच साठवलेला असतो. म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटात दुसरा एक प्रोग्रॅम, जो पहिला बिनसला किंवा कुणी अडवला तेव्हाच चालणार. ज्याची चाचणी कुणी घेत नाही असा कोड नेमका संकटाच्या वेळी पहिल्यांदा चालवायचा, ही या सगळ्या व्यवस्थेची दुखरी जागा आहे.

या कहाणीत नागपूरचा एक धागा आडवळणाने येतो. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर साठच्या दशकात इथल्या विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, इंजिनिअर झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली तिचे ते प्रमुख, आणि १९९१ चा परम ८००० हा तिथला पहिला महासंगणक. परमची कथा अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला इथपासून सांगायची पद्धत आहे. आपल्या विषयासाठी रंजक आहे ती त्याच्या आतली चिप, ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर. त्यात हिशेबाला फक्त तीन रजिस्टर, ए, बी आणि सी, आणि एक वर्कस्पेस पॉइंटर. फ्रेम पॉइंटर मुळातच नाही. कॉल दिला की वर्कस्पेस पॉइंटर चार शब्द खाली सरकायचा आणि त्या चार जागांत परतीचा पत्ता आणि तिन्ही रजिस्टर जाऊन बसायचे. त्यानंतर फंक्शन स्वतःसाठी हवी तेवढी जागा आणखी खाली सरकून घ्यायचं. किती सरकलं, याची खूण स्टॅकवर कुठेच उरत नसे.

म्हणजे आज आपल्याला पडतो तोच पेच. पण ट्रान्सप्युटरची खास भाषा ऑकम जाणूनबुजून कडक केलेली होती: त्यात रिकर्शन नाही, चालता चालता मेमरी मागणं नाही. प्रत्येक प्रोसिजरला किती जागा लागेल हे कंपायलरला आधीच पक्कं ठाऊक. ज्या भाषेत फ्रेमचा आकार आधीच ठरतो, तिथे परतीची वाट काढायला 'प्रोसिजरचं नाव आणि तिचा आकार' एवढी यादी पुरते. सी भाषेने ती शिस्त कधी मानली नाही, आणि आपल्या आजच्या जाडजूड तक्त्यांमागे बऱ्याच अंशी तेच कारण आहे.

हाताने लिहिलेली टिपणं किती काळ खरी राहतात, याचा सगळ्यात मोठा प्रयोग लिनक्सच्या कर्नलमध्ये झाला, आणि तो फसला. कर्नलच्या दारातला कोड, म्हणजे सिस्टिम कॉल आणि इंटरप्ट जिथून आत येतात तो भाग, असेंब्लीत आहे. त्यात वर्षानुवर्षं सीएफआयची टिपणं ओळीओळीला भरलेली होती. २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत ड्वॉर्फ वाचून स्टॅक उलगडणारा कोड कर्नलमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी २.६.२० मध्ये काढून टाकला गेला. क्रॅश कसा झाला हे सांगणारा कोड स्वतःच क्रॅश व्हायला लागला, तर तो ठेवून करायचं काय? टिपणं मात्र तशीच राहिली, डीबगरच्या कामी येतील म्हणून. शेवटी २०१५ मध्ये इंगो मोलनार यांनी एका पॅचमध्ये एक्स८६ च्या असेंब्लीतून ती सगळी उपटून काढली. पॅचच्या मथळ्यातच कारण दिलेलं होतं: ही टिपणं कायमची मोडलेली आहेत आणि सांभाळता येण्यासारखी नाहीत. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्या फाइली आधीच अवघड. ओळीगणिक टिपणांचं गवत माजल्यावर मूळ कोड दिसेनासा झाला होता, आणि एवढं करून टिपणं चुकीची.

त्यानंतर जे घडलं ते जास्त शिकण्यासारखं आहे. जोश पोइम्बोफ यांनी ऑब्जटूल नावाचं अवजार बनवलं. ते तयार झालेला मशीन कोड स्वतः वाचतं, प्रत्येक वाटेने चालून पाहतं, पुश-पॉप मोजतं आणि तक्ता स्वतः तयार करतं. माणसाने टिपण द्यायचं ते फक्त जिथे अवजाराची मती कुंठते तिथे, उदाहरणार्थ इंटरप्टच्या दारात. या तक्त्याचं नाव ओर्क, ड्वॉर्फ आणि एल्फचा वैरी. नोव्हेंबर २०१७ मधल्या ४.१४ या आवृत्तीपासून तो कर्नलमध्ये आहे. ओर्कला २ ते ४ एमबी जादा मेमरी लागते. त्याबदल्यात फ्रेम पॉइंटर गाळता येतो, ज्याची किंमत कर्नलच्याच कागदपत्रांत काही कामांसाठी ५ ते १० टक्के वेग अशी सांगितलेली आहे.

कर्नलबाहेर वारं उलट दिशेने वाहिलं. प्रोफायलर लोकांची तक्रार होती की सेकंदाला शेकडो वेळा ड्वॉर्फचा तक्ता वाचणं परवडत नाही, आम्हाला जुनी साखळी परत द्या. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या समितीत यावर २०२२ मध्ये खडाजंगी झाली. आधी नकार, मग फेरविचार, आणि एप्रिल २०२३ च्या फेडोरा ३८ पासून सगळी पॅकेजं फ्रेम पॉइंटरसह बांधली जाऊ लागली. खर्च किती? त्यांच्या मोजणीत जीसीसीने कर्नल कंपाइल करायला सुमारे २.४ टक्के जास्त वेळ लागला. पायथनला मात्र जास्त फटका बसत होता, म्हणून त्याला सुरुवातीला सूट दिली. उबुंटू या दुसऱ्या वितरणाने २४.०४ मध्ये ६४ बिटी मशिनांसाठी हीच वाट धरली. म्हणजे ज्या एका रजिस्टरसाठी एवढा अट्टहास केला, तो सोळा रजिस्टरांच्या जमान्यात बहुतेकांना नकोच होता. हे कळायला बरीच वर्षं लागली.

या दोन टोकांच्या मधली वाट ओरॅकलमधल्या इंदू भगत यांनी काढली. असेंबलर आणि लिंकर ज्यात येतात त्या बिनयुटिल्स संचाच्या जानेवारी २०२३ मधल्या २.४० आवृत्तीबरोबर आलेला एसफ्रेम हा आटोपशीर तक्ता तीनच गोष्टी सांगतो: सीएफए कुठे, जुना फ्रेम पॉइंटर कुठे, परतीचा पत्ता कुठे. पुढच्या वर्षीच्या २.४२ मध्ये त्यांनी असेंबलरलाच शहाणपण शिकवायला घेतलं: एक प्रायोगिक पर्याय दिला की तो हाताने लिहिलेली ६४ बिटी एक्स८६ असेंब्ली वाचून सीएफआयची टिपणं स्वतः तयार करतो. त्याला नियम पाळणारा कोड लागतो; स्टॅक पॉइंटरशी कसरती करणाऱ्या फंक्शनापुढे तो हात टेकतो. तशी फंक्शनं थोडीच असतात, पण हाताने असेंब्ली लिहायची वेळ बहुधा त्यांच्यासाठीच येते.

तेव्हा माणसाची सुटका अजून झालेली नाही. नागपुरात असो की कुठे, असेंब्ली लिहिणाऱ्याने टिपणं बरोबर आहेत की नाहीत ते तपासायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, आणि तो कंटाळवाणा आहे. जीडीबी या डीबगरमध्ये फंक्शनच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनवर थांबा, 'स्टेपआय' देत एकेक इन्स्ट्रक्शन पुढे सरका आणि दर पावलाला 'बीटी', म्हणजे बॅकट्रेस, मागा. स्वतःच्या फंक्शनाच्या वरची यादी शेवटच्या रिटर्नपर्यंत जशीच्या तशी यायला हवी. एका जागी जरी नाव गळलं किंवा बदललं तरी त्याच्या आधीच्या ओळीखालचं टिपण चुकलेलं आहे किंवा लिहायचं राहून गेलं आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय काम झालं असं सांगू नका.